रात्रीची नाकाबंदी आणि श्वासाची परीक्षा

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एका गोष्टीवरून दोन दिवस वाद चालला होता. आमचा पुतण्या छत्रपती संभाजीनगरांत रात्रीं अकराच्या सुमारास मित्रांसह मोटारींतून सिडकोहून समर्थनगराकडे परत येत होता. जालना रस्त्यावर पोलिसांनीं त्याला थांबविलें, परवाना पाहिला आणि यंत्राच्या नळींत फुंकावयास सांगितलें. त्यानें मद्यास स्पर्शही केला नव्हता. यंत्रानेंही तोच निर्वाळा दिला. तथापि "मी सरळ गाडी चालवीत होतों, मग मला कोणत्या अधिकारानें अडविलें?" हा त्याचा प्रश्न, आणि घरांतील निम्मी मंडळी त्याच्या बाजूची! परंतु कायदा काय म्हणतो हें पाहिल्यावांचून पोलिसांस दोष देणें आम्हांस बरें वाटेना.

वस्तुतः येथें दोन गोष्टींची गल्लत होते. गाडी थांबविणें ही एक आणि श्वास तपासणें ही दुसरी. पहिलीस फारसें कारण लागत नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ११९ अन्वयें वाहतुकीचें नियमन करणाऱ्या पोलिसाची सूचना पाळणें चालकास भाग आहे, व कलम १३० अन्वयें गणवेशांतील कोणताही पोलीस अधिकारी परवाना पाहावयास मागूं शकतो. म्हणून नाकाबंदींत सरळ चालणारी गाडीही थांबते.

श्वासाचें मात्र तसें नाहीं. चालकानें मद्य पिऊन गाडी हांकली असा संशय घेण्यास वाजवी कारण असलें, तर गणवेशांतील अधिकाऱ्यानें श्वास मागावा, असें कलम २०३ सांगतें. गाडी वेडीवांकडी चालणें, जीभ अडखळणें, तोंडास वास येणें हीं अशीं कारणें. नुसती रात्र झाली, किंवा गाडींत तरुण मंडळी आहेत, एवढेंच कारण वाजवी म्हणतां येईल असें आम्हांस वाटत नाहीं. रांगेंतील प्रत्येकाच्या तोंडाशीं सरसकट नळी धरली जाते तेव्हां कायद्याच्या शब्दांकडे थोडा काणाडोळा होतो, हें कबूल केलें पाहिजे.

रक्तांत दर १०० मिलिलिटरमागें ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला कीं गुन्हा झाला. पहिल्या वेळीं ६ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. हा दंड २०१९ सालच्या दुरुस्तीनें वाढला. "मी फुंकणार नाहीं" असें पुतण्याच्या अगदीं ओठांवर आलें होतें म्हणे. तें तेथेंच राहिलें हें उत्तम झालें! संशयास जागा असतां नकार दिल्यास वॉरंटाशिवाय अटक होऊं शकते, आणि सबळ सबब नसल्यास कलम २०५ प्रमाणें तो नकारच खटल्यांत फिर्यादी पक्षाच्या पुराव्यास बळ देतो.

चालकाच्या बाजूनेंही तरतुदी आहेत. आपल्यासमक्ष गुन्हा झाला म्हणून अधिकाऱ्यानें कलम २०२ खालीं अटक केली, तर दोन तासांच्या आंत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे. न झाल्यास त्या इसमास सोडावें लागतें. स्त्रीचें रक्त पुरुष डॉक्टरनें घ्यावयाचें तर दुसरी स्त्री हजर हवी. शिवाय महाराष्ट्रांतीलच करियानी खटल्यांत १९७१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें कीं, तोंडाचा वास, झोकांड्या, असंबद्ध बोलणें आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून मनुष्य नशेंत होता असा पक्का निष्कर्ष काढतां येत नाहीं. म्हणजे जो वास संशयास पुरतो, तो शिक्षेस पुरत नाहीं. तेथें शास्त्रीय तपासणी हवी. आणि ती प्रामाणिक हवी! १९ मे २०२४ रोजीं पुण्यांत कल्याणीनगरला भरधाव मोटारीखालीं एक तरुण व एक तरुणी बळी पडलीं, त्या प्रकरणांत रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयांतील डॉक्टरांस अटक झाली होती.

आतां आमच्या पुतण्याविषयीं. त्याच्यावर संशय कां आला, याचा उलगडा दुसऱ्या दिवशीं झाला. वास गाडींत होता खरा, पण मागच्या बैठकीवरून! परवाना दाखविण्यास कांच खालीं होतांच तो अधिकाऱ्यास आला, आणि चालकाचाच असावा असें त्यास वाटलें. त्यांत गैर तें काय? संशय अखेर खोटा ठरला, एवढ्यानें तो गैरवाजवी होत नाहीं. पुतण्यास हें पटलें. मागच्या बैठकीवर कोण कोण बसलें होतें, याची चौकशी मात्र आमच्या मातोश्रींनीं आतां सुरू केली आहे, आणि त्यांस कोणत्याही कलमाची आडकाठी नाहीं.