एकविसाव्या वाढदिवसाचा पगार

माझी मावसबहीण स्विंडनला एका गोदामात खोकी भरते. पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेलेल्या अनेक गोवेकरांसारखं तिचं कुटुंबही तिथंच स्थिरावलंय. २०२५च्या जूनमध्ये आम्हा दोघींनाही एकवीस पूर्ण झाली. मला केक मिळाला. तिचा पगार ताशी १० पौंडांवरून १२.२१ पौंड झाला. खोकी मात्र तीच.

ब्रिटनमध्ये १९९९ साली राष्ट्रीय किमान वेतन आलं, तेव्हापासूनच त्यात वयाची पायरी आहे. सुरुवातीला प्रौढांना ३.६० पौंड, तर १८ ते २१ वयाच्यांना ३ पौंड. यामागचा युक्तिवाद सोपा आहे: नवख्याला काम शिकवावं लागतं, दर सारखाच ठेवला तर मालक अनुभवी माणूसच घेणार आणि पोरं घरी बसणार. पटतं ना? मलाही पटलं होतं.

पण डेन्मार्कचं बघा. तिथं किमान वेतन कायद्यानं नाही, कामगार संघटना आणि मालक यांच्या करारांनी ठरतं. अठरा पूर्ण झाली की ताशी वेतन सुमारे ४० टक्क्यांनी उडी मारतं. क्राइनर, रेक आणि स्कोव्ह या अर्थतज्ज्ञांना आढळलं, की नेमकं त्याच वाढदिवसाला नोकरीत असलेल्यांचं प्रमाण सुमारे ३३ टक्क्यांनी घसरतं. त्या वयाच्या मुलांची एकूण कमाई मात्र जवळपास तेवढीच राहते. म्हणजे टिकलेल्यांना जे जास्त मिळालं, ते जणू काढलेल्यांच्या खिशातून आलं!

मग वेतन वाढलं की नोकऱ्या जाणारच? न्यूझीलंडनं २००१ साली प्रौढ दराचं वय २० वरून १८ वर आणलं. १८-१९ वर्षांच्यांचं किमान वेतन एका झटक्यात ६९ टक्क्यांनी वाढलं. तरी हिस्लॉप आणि स्टिलमन यांना लगेच नोकऱ्या घटल्याचा ठोस पुरावा सापडला नाही.

हा फरक का, यावर माझा आपला अंदाज: न्यूझीलंडमध्ये १६-१७ वर्षांच्यांचा दरही त्याच सुमारास वाढवला गेला, त्यामुळे दारात स्वस्त पर्याय उभा नव्हता. डेन्मार्कमध्ये अठरा पूर्ण झालेल्याच्या मागे सतरा वर्षांचा पोरगा असतोच, आणि त्याला स्वस्त ठेवणारी रेघ करारानंच आखलेली.

परवा बहिणीला विचारलं, तुझे तास कमी केले का गं? म्हणाली, "अजून तरी नाही. पण नवीन भरती बघ, सगळी अठरा-एकोणिसाची."