उंसाच्या ट्रॉलीसाठीं ट्रॅक्टर कोणता घ्यावा?

दसरा जवळ आला कीं नवा ट्रॅक्टर घरीं आणण्याचे बेत गांवोगांव शिजूं लागतात. दिवाळीच्या मागेंपुढें साखर कारखान्यांचें गाळप सुरू होतें, आणि उंसाच्या वाहतुकीचें काम मिळालें तर कर्जाचे हप्ते सहज फिटतील, असा हिशेब ज्याच्या त्याच्या मनांत असतो. अशा वेळीं सल्ला विचारण्यास येणाऱ्या शेतकरी बंधूंचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “किती अश्वशक्तीचा घ्यावा?” हा प्रश्न चुकीचा नाहीं, पण तो पहिला नव्हे. पहिला प्रश्न असा कीं, भरलेली ट्रॉली मागें असतां उतारावर हें यंत्र थांबेल काय? ओढण्याचें बळ दुकानदार आपण होऊन सांगतो. थांबविण्याचें बळ मात्र खरेदीदारानें स्वतः विचारावें लागतें.

हें आम्ही केवळ पुस्तकी ज्ञानावरून लिहीत नाहीं. कांहीं हंगामांपूर्वीं आमचाच ट्रॅक्टर दोन भरल्या ट्रॉल्या घेऊन ओढ्याच्या उताराला लागला. यंत्र नवें होतें, चालक सवयीचा होता. ब्रेक दाबतांच मागचीं चाकें जागच्या जागीं थबकलीं. पण गाडी थांबली नाहीं. थबकलेल्या चाकांवर ट्रॅक्टर घसरत चालला आणि मागच्या ट्रॉल्या त्याला पुढें रेटीत राहिल्या. चालकानें प्रसंगावधान राखून तोंड बांधाकडे वळविलें. एक ट्रॉली कलंडली, ऊंस ओढ्यांत गेला, आणि पुलावरून येणारीं शाळेचीं मुलें थोडक्यांत बचावलीं. उंसाचें दुःख आम्हांस झालें नाहीं. परंतु त्या रात्रीं कागद-पेन्सिल घेऊन बसलों तेव्हां उमजलें कीं, दोष चालकाचा नव्हता. आमच्या निवडीचा होता. तोच हिशेब आज वाचकांपुढें मांडीत आहों.

प्रथम ओझें मोजावें

ट्रॉलींत ऊंस किती बसतो हें अंदाजानें सांगूं नये. कारखान्याच्या कांट्याची पावती घरांत असतेच. तिच्यावरून भरलेल्या गाडीचें वजन कळतें. मागील हंगामांतील सर्वांत जड खेपेची पावती काढावी आणि तिच्यावरूनच पुढचा विचार करावा. उदाहरणासाठीं आपण असें धरूं कीं, ट्रॅक्टर २ टनांचा आहे आणि चारचाकी ट्रॉली उंसासह १२ टनांची आहे. एकूण १४ टन, म्हणजे १४,००० किलो झाले.

चांगल्या डांबरी सपाट रस्त्यावर रबरी चाकांची गाडी चालती ठेवण्यास तिच्या वजनाच्या शेंकडा सुमारें २ इतका ओढा लागतो. १४,००० किलोंस २८० किलोंचा ओढा झाला. ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदास सुमारें साडेपांच मीटर. एका सेकंदांत ७५ किलो वजन एक मीटर उचलणें ही एक अश्वशक्ति. या हिशेबानें सपाट रस्त्यावर ही गाडी ओढण्यास सुमारें २१ अश्वशक्ति पुरते. गिअरपेटींत व इतरत्र जें बळ खर्ची पडतें तें धरलें, तरी ४५ अश्वशक्तीच्या यंत्रास हें काम जड नाहीं. म्हणूनच सपाट रस्त्यावर चाचणी घेऊन आलेला मनुष्य खूष होऊन परततो, आणि येथेंच फसतो.

बळ आहे, पण पाय रोवत नाहींत

बैल कितीहि तगडा असला तरी चिखलांत त्याचे पाय घसरूं लागले कीं त्याचें बळ फुकट जातें. ट्रॅक्टरचेंहि तसेंच आहे. दोन चाकांनीं ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा ओढा मागच्या चाकांच्या पकडीइतकाच असतो, आणि ही पकड त्या चाकांवर पडलेल्या वजनावर अवलंबून असते. आपल्या २ टनांच्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर १,३०० किलो पडतात असें धरूं. कोरड्या डांबरी रस्त्यावर या वजनाच्या दहांत सहा हिश्शांइतकी पकड मिळते, म्हणजे ७८० किलो.

आतां वीस पावलांत एक पाऊल चढणारा रस्ता घ्या. असे चढ आपल्याकडे ओढ्याओढ्याला आहेत. तेथें सपाटीच्या २८० किलोंत चढाचे १४,००० भागिले २० म्हणजे ७०० किलो मिळवावे लागतात. एकूण ९८० किलोंचा ओढा पाहिजे आणि पकड आहे ७८० किलोंची. चढावर कांहीं भार पुढच्या चाकांवरून मागें येतो, त्यामुळें या आंकड्यांत थोडेंफार अंतर पडेल. परंतु तात्पर्य तेंच राहतें. चाकें जागेवर फिरूं लागतील, टायर झिजतील, आणि ४५ च्या ठिकाणीं ६० अश्वशक्तीचें पण तेवढ्याच वजनाचें यंत्र आणलें तरी तें तितकेंच फिरेल. येथें उणीव बळाची नसून भाराची आहे. मागच्या चाकांवर ५०० किलोंचा भर वाढविला तर पकड ३०० किलोंनीं वाढते आणि हाच ट्रॅक्टर तो चढ चढून जातो. हा भर चाकांना बिडाचीं वजनें लावून किंवा टायरांत पाणी भरून घालतां येतो. तो काढतां येण्याजोगा असावा. कारण नांगरटीच्या वेळीं अनावश्यक वजनानें जमीन दडपते, आणि वाहतुकींत मिळविलेलें पिकांत गमवावें लागतें.

उताराचा हिशेब

चढावर फसलेली गाडी फार तर उभी राहते. उतारावर फसलेली गाडी माणसें मारते. आपल्याकडील बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. म्हणजे १४ टनांची सारी गाडी ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनींच थांबवावयाची असते, आणि त्यांची पकड तीच, ७८० किलो. ब्रेक कितीहि उत्तम असले तरी ते याहून अधिक रोध करूं शकत नाहींत. चाक थबकून घसरूं लागतें, इतकेंच.

ताशी २० किलोमीटर वेगानें चाललेला मोकळा ट्रॅक्टर ब्रेक दाबल्यापासून सुमारें ४ मीटरांत थांबतो. त्याच्या मागें १२ टनांची ट्रॉली असली तर सपाट रस्त्यावर २१ मीटर लागतात. वर सांगितलेल्या उतारावर ७०० किलोंचा रेटा उलट पुढें ढकलतो. तेथें थांबण्यास ६० मीटरांहून अधिक अंतर लागतें. रस्ता ओला असून पकड दहांत चार हिश्शांवर आली तर दोनशें मीटरांतहि गाडी उभी राहत नाहीं. चालकास धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तर आणखी साडेपांच मीटर गेले, ते निराळेच.

आणि दोन ट्रॉल्या असल्या तर? एकूण वजन २६ टन. उताराचा रेटा १,३०० किलो. चाकांचा आपोआप होणारा रोध ५२० किलो आणि ब्रेकची पकड ७८० किलो. दोन्ही मिळून १,३०० किलो. बाकी शून्य! कोरड्या, चांगल्या रस्त्यावर, उत्तम ब्रेक असतांनाहि ही गाडी थांबत नाहीं; आहे त्याच वेगानें खालीं जात राहते. त्या दिवशीं आमच्या ट्रॅक्टरचें नेमकें हेंच झालें होतें. गिअरमध्यें ठेवून इंजिनानें रोखावें म्हटलें तरी तो रोधहि त्याच दोन चाकांतून जातो. पकडीची मर्यादा सुटत नाहीं.

ब्रेक ट्रॉलीलाच पाहिजेत

यावर उपाय एकच, आणि तो अधिक अश्वशक्तीहून बहुधा स्वस्त आहे. ओझें जेथें आहे तेथेंच ब्रेक असावेत. प्रत्येक ट्रॉलीच्या १२ टनांपैकीं निम्मा भार मागच्या आंसावर येतो असें धरून फक्त त्याच आंसाला ब्रेक बसविले, आणि त्या ६,००० किलोंच्या तिसऱ्या हिश्शाइतकीच पकड वापरली, तरी एका ट्रॉलीमागें २,००० किलोंचा रोध मिळतो. दोन ट्रॉल्यांचे ४,००० किलो झाले. मघां जेथें बाकी शून्य होती तेथें आतां तीच २६ टनांची गाडी त्याच उतारावर सुमारें १० मीटरांत उभी राहते.

म्हणून ट्रॅक्टर निवडतांना ट्रॉलीचे ब्रेक चालविण्यासाठीं त्यावर तेलाची किंवा हवेची जोडणी आहे काय, नसल्यास ती बसवितां येईल काय, हें आधीं विचारावें. ट्रॉलीचा ब्रेक ट्रॅक्टरच्या ब्रेकबरोबर किंवा किंचित् आधीं लागला पाहिजे. तो मागाहून लागला तर ट्रॉली ट्रॅक्टरला रेटून आडवा करते, आणि दोन्ही कात्रीसारखीं मिटतात.

दांडी कोठें जोडावी?

बैलगाडी भरतांना ओझें मागें गेलें तर गाडी उलाळ होते आणि जूं बैलांच्या मानेवरून उचललें जातें; तें फार पुढें आलें तर मानेवर घट्टे पडतात. दोनचाकी ट्रॉलीला हाच नियम लागू आहे. तिचा थोडा भार ट्रॅक्टरच्या हुकावर पडला पाहिजे. त्यानें मागच्या चाकांची पकडहि वाढते. उलाळ भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरची मागची बाजू उचलते आणि उतारावर गाडी डोलूं लागते. उलटपक्षीं, ती पुढें फार जड झाली तर ट्रॅक्टरचें तोंड हलकें होऊन सुकाणू लागत नाहीं.

हूक मागच्या आंसाच्या पातळीखालींच असावा. दांडी उंच जोडली तर ओढतांना ट्रॅक्टर पुढून उचलला जातो आणि चालकावर पालथा होतो. हेन्री फोर्डनें अमेरिकेंत १९१७ सालीं विक्रीस काढलेला फोर्डसन ट्रॅक्टर स्वस्ताईमुळें फार खपला. पण अवजार अडकलें कीं मागें उलटण्याबद्दल त्याची मोठी अपकीर्ति झाली. पुढें हॅरी फर्ग्युसन यानें तीन दांड्यांची जोडणी काढली आणि १९३६ सालीं बाजारांत आलेल्या त्याच्या ट्रॅक्टरवर ती होती. त्यामुळें नांगरटीपुरता हा धोका पुष्कळ कमी झाला. परंतु आपली चारचाकी ट्रॉली त्या जोडणीवर चालत नाहीं. ती हुकालाच लागते. वरच्या दांडीच्या छिद्रांत पिन घालून अडकलेली ट्रॉली ओढून काढण्याची खोड कांहीं चालकांस असते. ती प्राणघातक आहे.

खरेदीपूर्वीं ध्यानांत ठेवावयाच्या गोष्टी

१. वर्षांतून किती दिवस वाहतूक आणि किती दिवस मशागत करावयाची हें लिहून काढावें. मशागतीस लागणारें बळ आणि वाहतुकीस लागणारें वजन व ब्रेक या दोन निराळ्या गरजा आहेत.

२. अश्वशक्तीबरोबर ट्रॅक्टरचें वजन आणि मागच्या चाकांवरील भार विचारावा. तेलांत बुडालेले ब्रेक धूळचिखलांत टिकतात. त्यांस प्राधान्य द्यावें.

३. ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या चाकांचे निरनिराळे ब्रेक असतात. शेतांत वळण्यास ते सोयीचे. रस्त्यावर मात्र दोन्ही पायदाने खिटीनें एकत्र जोडलेच पाहिजेत. एकाच चाकाचा ब्रेक लागला तर भरलेली गाडी क्षणांत आडवी होते.

४. चाचणी सपाटीवर घेऊं नये. भरलेली ट्रॉली जोडून आपल्या वाटेवरील सर्वांत वाईट चढावर, आणि मग अगदीं सावकाश वेगानें त्याच उतारावर घ्यावी. ज्या गिअरांत चढ चढला त्याच गिअरांत उतार उतरावा. डिझेल वांचविण्यासाठीं गिअर काढून उतरणें म्हणजे दोन रुपयांसाठीं घर गहाण टाकणें होय.

५. ट्रॉलीच्या मागें लाल दिवे व चकाकणाऱ्या पट्ट्या असाव्यात. बंद पडून रात्रीं रस्त्यांत उभ्या राहिलेल्या ट्रॉलीवर आदळून दुचाकीस्वार प्राणांस मुकतात. चाकाखालीं लावलेला दगड निघतांना उचलून बाजूस टाकण्यास विसरूं नये.

६. विमापत्रांत ट्रॅक्टरबरोबर ट्रॉलीचाहि उल्लेख आहे कीं नाहीं, आणि चालकाचा परवाना योग्य आहे कीं नाहीं, हें स्वतः वाचून पहावें.

७. ज्याची वाहतूक थोडी आहे त्यानें भाड्याची गाडी लावावी. त्यांत कमीपणा नाहीं. हप्त्यांच्या ओझ्यानें माणूस दुसरी ट्रॉली जोडावयास लागतो, आणि संकटाचा आरंभ तेथूनच होतो.

आमचें म्हणणें इतकेंच कीं, जी रक्कम आपण अधिक अश्वशक्तीसाठीं मोजावयास निघालों आहों, तींतून आधीं ट्रॉलीच्या ब्रेकचा खर्च बाजूस काढावा आणि उरलेल्या पैशांत ट्रॅक्टर बसवावा. त्या प्रसंगानंतर आम्हीं आमच्या दोन्ही ट्रॉल्यांना ब्रेक बसवून घेतले, आणि ते लागेपर्यंत एकच ट्रॉली चालविली. खेपा कमी झाल्या, मिळकतहि घटली. परंतु ज्या ओढ्याच्या पुलावरून आमची भरलेली गाडी उतरते, त्याच पुलावरून गांवांतलीं मुलें शाळेस जातात. त्यांच्यापुढें एका हंगामाची मिळकत ती काय?