लेहला दुपारचं विमान का नसतं?

नाशिकच्या एका वाचक ताईंनी काहीशा रागानंच विचारलंय. मुंबईहून सकाळी निघून दिल्ली गाठावी, तर तोवर लेहची विमानं निघून गेलेली असतात. म्हणजे आदल्या रात्री दिल्लीत पोचा, विमानतळावर जागरण करा आणि पहाटेचं विमान धरा. "दुपारी तीनचं एखादं विमान ठेवलं, तर कंपन्यांचं काय बिघडतं?"

ताई, हे वेळापत्रक कंपन्यांच्या हातात फारसं नाही. लेहचं वेळापत्रक ठरवतात तिथली हवा आणि तिथले डोंगर.

आधी हवा. लेहची धावपट्टी समुद्रसपाटीपासून १०,६०० फुटांहून उंच आहे. लेहला हवाच पुरत नाही. मुंबईपेक्षा ती पाव हिश्शाहून अधिक विरळ. पंखांना तीच उचल मिळवायची, तर विमानाला जमिनीवर वीसेक टक्के जास्त वेगानं धावावं लागतं. आणि त्याच विरळ हवेमुळे इंजिनांचा जोर मात्र घटलेला. धावपट्टी आहे तेवढीच, सुमारे पावणेतीन किलोमीटर.

यात ऊन मिसळा. तापलेली हवा पसरते, म्हणजे आणखी विरळ होते. वैमानिकांचा एक ढोबळ हिशेब आहे: त्या उंचीच्या प्रमाण तापमानापेक्षा पारा जितके अंश वर, तितके गुणिले १२० फूट उंची वाढली असं धरायचं. लेहच्या उंचीचं प्रमाण तापमान उणे सहा अंश. सकाळी पारा दहावर असेल, तर विमानाच्या लेखी लेह साडेबारा हजार फुटांवर. दुपारी तो पंचविसावर गेला की तेच लेह चौदा हजारांच्याही वर. गाव जागचं हललेलं नाही, पण विमानासाठी ते काही तासांत जवळजवळ दोन हजार फूट वर चढलं! अशा वेळी हातात एकच उपाय उरतो, वजन कमी करणं: सामान कमी, माल कमी, कधी प्रवासीही कमी. २०२४च्या जुलैअखेर लेह इतकं तापलं की विमानं रद्दच करावी लागली.

आता डोंगर. बहुतेक विमानतळांवर वारा फिरला की विमानं धावपट्टीची दिशा बदलतात. लेहला ती सोय नाही. विमान पश्चिमेकडून, सिंधूच्या खोऱ्यातून येतं, स्पितुकच्या टेकडीवरचा गोंपा (बौद्ध मठ) मागे टाकतं आणि पूर्वेकडे तोंड करून उतरतं. पुढं डोंगर उभे असल्यानं उड्डाण मात्र उलट, पश्चिमेकडे. दुपारी उन्हानं डोंगरउतार तापतात, तिथली हवा वर चढते आणि तिची जागा भरायला खोऱ्यातून वारा वर येऊ लागतो. हा वारा उतरणाऱ्या विमानाच्या पाठीत बसतो. प्रवासी विमानांना पाठवाऱ्याची मर्यादा साधारण १० ते १५ नॉट्सची असते. त्यापुढे उतरायचं नाही, विमान परत न्यायचं. विरळ हवेमुळे वेग आधीच जास्त, त्यात मागून ढकलणारा वारा, म्हणजे थांबायला धावपट्टी अपुरी पडण्याची भीती.

या धावपट्टीची जन्मकथा मला फार प्रिय आहे. १९४८ साली लडाखवर हल्ला झाला तेव्हा लेहला विमान उतरवण्याजोगी जागाच नव्हती. सोनम नोर्बू या लडाखी अभियंत्यानं स्थानिक लोकांच्या मदतीनं ती तयार केली. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी तिथं डकोटा उतरवलं. सोबत मेजर जनरल थिमय्या होते. आतला हवादाब राखण्याची सोय त्या विमानात नव्हती, आणि हिमालयाच्या माथ्यावरून जायचं होतं. आज विमानतळाला लडाखी धर्मगुरू कुशोक बकुला रिंपोचे यांचं नाव आहे. सोनम नोर्बूंचं नाव लेहच्या सरकारी रुग्णालयाला आहे. विरळ हवेचा त्रास झालेल्या पर्यटकांवर उपचार होतात ते हेच रुग्णालय.

तर ताई, तिकीट काढताना दोन गोष्टी सांभाळा. पहिली परतीची. सकाळचं विमान हुकलं किंवा रद्द झालं, तर बहुधा दुसरा दिवसच उजाडतो. म्हणून दिल्लीहून पुढचं तिकीट त्याच दिवशी घट्ट बांधू नका. सहलीच्या शेवटी एक दिवस मोकळा ठेवा. दुसरी जातानाची. पहाटेच्या जागरणानं मिळालेला अख्खा दिवस बाजारात घालवू नका. सखल भागातल्या माणसाचं शरीर दिल्लीहून सव्वा तासात साडेतीन किलोमीटरच्या गावात आलेलं असतं. तो दिवस आणि त्याच्या पुढचाही खोलीत पडून काढा. खारदुंग-लाची खिंड कुठं जात नाही.