चाळीत भरावयाचा कांदा व नासक्या कांद्याची पारख



पावसाळा लागला की गटऑफिसात दरवर्षी तोच प्रश्न येतो, "साहेब, चाळ चांगली बांधली, तरी कांद्याला पाणी का सुटलं?" चाळीत दोष असू शकतो. परंतु बहुतेक वेळा तो रानातूनच आलेला असतो आणि आपल्या ऊसवाल्यांच्या बाबतीत त्याला एक खास कारण आहे.

पूर्वहंगामी उसात आपण कांद्याचे आंतरपीक घेतो. चांगली गोष्ट आहे, लागणीचा खर्च लवकर मोकळा होतो. पण काढणीपूर्वी दोन ते तीन आठवडे कांद्याचे पाणी तोडावे लागते, आणि त्याच वेळी ऊस पाण्यासाठी तोंड वासून असतो. शिवाय उसाला टाकलेला युरिया कांदाही खातो. कांद्याला लागणीनंतर ६० दिवसांच्या पुढे नत्र देऊ नये. दिल्यास पात माजते, मान जाड राहते, जाड मान नीट सुकत नाही आणि तिच्यातूनच सड आत उतरते. तेव्हा आंतरपिकाचा कांदा कितीही टपोरा दिसो, त्याला थेट बाजार दाखवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. खरीप व रांगड्या कांद्याचेही तेच. चाळीत भरावयाचा तो निराळ्या रानातला रब्बीचा कांदा. एन-२-४-१, भीमा किरण, भीमा शक्ती अशा टिकाऊ वाणांचा.

निम्म्या माना पडल्या की काढणी करावी. तीन ते पाच दिवस कांदा पातीसह रानातच सुकू द्यावा, एका ओळीचा कांदा दुसऱ्या ओळीच्या पातीखाली झाकून. मग मानेला पीळ देऊन दीड इंच मान राखून पात कापावी. अगदी बुडाशी कापली की सडीला दारच उघडे. त्यानंतर सावलीत १० ते १२ दिवस. जोड, डेंगळे आलेला व मार लागलेला कांदा भरण्यापूर्वीच काढून टाकावा.

चाळीचा तळ फटींचा व जमिनीपासून दीड-दोन फूट उंच असावा. रुंदी ४ फूट, ढीग ५ फुटांपेक्षा उंच नको. नुसता पत्रा उन्हात तापतो, त्यावर पाचटाचा जाड थर द्यावा. (पाचट अजूनही पेटवून देणाऱ्यांनी निदान चाळीपुरते तरी राखावे!)

आता पारख. पहिली नाकाने. आंबूस, कुजकट वास आला की चाळीखाली वाकून बघावे. जिथे थेंब पडून माती ओली झाली असेल, चिलटे घोंगावत असतील, त्याच्याच वर सडका माल असतो. तेवढाच भाग बाजूने काढावा. सगळी चाळ उपसली तर चांगल्या कांद्याचीही पत्ती सुटते.

मग कांदा हातात घेऊन मान अंगठ्याने दाबावी. मऊ लागली, पांढुरके पाणी व घाण वास आला, तर वरून लालचुटूक असला तरी तो आतून गेलेला आहे. मुळाकडच्या चकतीवर पांढरी वा गुलाबीसर बुरशी दिसली तर ती बूडकूज. नेहमी दिसते ती काळी बुरशी, सुक्या पापुद्र्याखाली शिरांच्या रेघांत काजळीसारखी. ती वरच्या पापुद्र्यापुरतीच असेल तर सोलून, धुऊन घरी वापरता येतो. रसाळ पाकळीत उतरली असेल तर टाकून द्यावा. कोंब आलेला म्हणजे नासका नव्हे. घट्ट असेल तर खायला हरकत नाही, मात्र वजन झपाट्याने घटते. पावसाळा सरून हवा गार होऊ लागली, पहिले कोंब दिसले, की माल हलवावा.

निवडलेला कांदा गोठ्यात टाकण्याची सवय काही ठिकाणी दिसते, ती घातक आहे. सडका असो वा चांगला, फार कांदा खाल्ल्याने गाईच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. काही दिवसांत लघवी लाल-तपकिरी होते, डोळ्यांच्या आतील भाग पांढुरका पडतो, जनावर चारा सोडते. अशी लक्षणे दिसताच कांदा बंद करून पशुवैद्यकीय डॉक्टरांना बोलवावे. सडका माल बांधावर किंवा पाटाच्या कडेलाही फेकू नये, पाण्याबरोबर बुरशी पुन्हा रानात येते. चाळीपासून लांब खड्डा घेऊन मातीआड करावा.

— ऊस विकास अधिकारी