आलेखातलं उंच शिखर म्हणजे चांगला फिल्टर नव्हे

पीएचडीसाठी विषय शोधताना तुम्ही ऑप्टिक्सकडे वळलात, तर एका साच्याचे पेपर वारंवार दिसतील: फोटॉनिक क्रिस्टल फायबर, त्याच्या एखाद्या छिद्रात सोन्याचा पातळ थर आणि १५५० नॅनोमीटरच्या आसपास लॉसचं एक उंच शिखर. ते शिखर बघून ‘भारी फिल्टर आहे’ म्हणण्याआधी काय तपासायचं, ते आज समजून घेऊ.

आधी फायबर

नेहमीच्या फायबरमध्ये गाभ्याच्या काचेत जर्मेनियम मिसळून अपवर्तनांक किंचित वाढवतात, म्हणून प्रकाश आत राहतो. फोटॉनिक क्रिस्टल फायबरमध्ये काच एकच असते. गाभ्याभोवती हवेची बारीक छिद्रं फायबरच्या पूर्ण लांबीभर जातात आणि त्यामुळे बाहेरच्या भागाचा सरासरी अपवर्तनांक कमी होतो. असं फायबर १९९६ मध्ये इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनला फिलिप रसेल यांच्या गटाने करून दाखवलं.

याचा मोठा फायदा म्हणजे छिद्रांचा आकार आणि त्यांच्यातलं अंतर आपल्याला ठरवता येतं. एका दिशेची छिद्रं मोठी केली, की एक्स आणि वाय या दोन ध्रुवणांना वेगवेगळा अपवर्तनांक मिळतो.

मग सोनं

धातूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनांची लाट उठते, तिला सरफेस प्लाझमॉन म्हणतात. गाभ्यातल्या प्रकाशाने ही लाट उठवायची तर दोन गोष्टी जुळाव्या लागतात. एक, विद्युतक्षेत्राचा काही भाग धातूच्या पृष्ठभागाला लंब हवा. दोन, गाभ्यातला मोड आणि प्लाझमॉन मोड यांच्या परिणामी अपवर्तनांकाचे वास्तव भाग सारखे हवेत. झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्का दिला तरच तो चढतो, तसंच हे. जिथे लय जुळते त्या तरंगलांबीला ऊर्जा सोन्याकडे जाते आणि तिची उष्णता होते. आलेखात शिखर दिसतं ते यामुळे.

आता सोन्याचं छिद्र गाभ्याच्या वर, म्हणजे वाय दिशेला आहे असं समजा. वाय ध्रुवणाचं क्षेत्र त्या पृष्ठभागाला जास्त लंब पडतं, म्हणून ते जोरात जोडलं जातं. एक्स ध्रुवणही थोडं जोडलं जातंच, पण कमी ताकदीने आणि सहसा वेगळ्या तरंगलांबीला. एक ध्रुवण मारायचं आणि दुसरं जाऊ द्यायचं, एवढंच या फिल्टरचं काम. फायबर जायरोस्कोपसारख्या उपकरणात एकच ध्रुवण लागतं, तिथे अशा फिल्टरचा उपयोग होतो.

शिखर नव्हे, फरक

एक गणित करून बघा. प्रति सेंटिमीटर लॉस डेसिबलमध्ये काढायचा तर ८.६८६ गुणिले दोन पाय, भागिले तरंगलांबी (मायक्रोमीटरमध्ये), गुणिले अपवर्तनांकाचा काल्पनिक भाग, गुणिले १०,०००. समजा १.५५ मायक्रोमीटरला वाय ध्रुवणाचा काल्पनिक भाग ०.००१ आणि एक्सचा ०.००००१ आहे. लॉस येतो अनुक्रमे सुमारे ३५२ आणि ३.५ डेसिबल प्रति सेंटिमीटर.

तुकडा एक सेंटिमीटरचा घेतला तर वाय संपतं, पण हव्या असलेल्या एक्सची निम्म्याहून जास्त शक्तीही जाते! एक मिलिमीटरचा घेतला तर वायला ३५ डेसिबल आणि एक्सला फक्त ०.३५ डेसिबल, म्हणजे एक्सची साधारण आठ टक्के शक्ती गमावली. दोघांत २० डेसिबलचा, म्हणजे शंभर पटींचा, फरक पुरेसा असेल तर ०.६ मिलिमीटरसुद्धा चालेल.

म्हणून पेपर वाचताना शिखराची उंची बघून थांबू नका. त्याच तरंगलांबीला दुसऱ्या ध्रुवणाचा लॉस किती, आणि २० डेसिबलचा फरक किती तरंगलांबींच्या पट्ट्यात टिकतो, हे शोधा. ते दिलेलं नसेल तर दावा अर्धाच आहे.

सिम्युलेशनच्या पुढे

या विषयात पुष्कळ काम फक्त संगणकावर होतं. त्यात वाईट काही नाही, पण स्वतःला तीन प्रश्न विचारा. सोन्याचा थर ३०-६० नॅनोमीटरचा असताना त्याच्या आत मेश पुरेशी बारीक आहे का? मेश आणखी बारीक केली तर उत्तर हलतं का? थराची जाडी किंवा छिद्राचा व्यास थोडा बदलला तर शिखर कुठे सरकतं?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. एवढ्याशा छिद्रात आतून एकसारखा थर देणं फार अवघड असतं. जर्मनीत एर्लांगनला रसेल यांच्याच गटाने वेगळी वाट काढली: वितळलेलं सोनं दाबाने छिद्रात भरून गाभ्याशेजारी सोन्याची तार तयार केली. सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं आणि सिलिका त्याहून बरंच जास्त तापमान सोसते, म्हणून हे जमतं. त्या तारेमुळे दोन ध्रुवणांचा लॉस वेगळा होतो, हे त्यांनी २००८ मध्ये प्रत्यक्ष मोजून दाखवलं.

तेव्हा विषय निवडताना नवीन आकृती काढण्याआधी ‘हे कोण आणि कसं बनवेल?’ हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहा. त्याचं उत्तर शोधता शोधताच तुमचा खरा संशोधन-प्रश्न हाती लागेल.