फांदीवरच्या जगण्यासाठी घडलेला सरडगुहिरा

शॅमेलिऑन कुळातील दोनशेहून अधिक जाती मुख्यतः आफ्रिकेत आणि मादागास्कर बेटावर आढळतात. भारतात मात्र या कुळातील सरडगुहिरा ही एकच जाती आहे. कोकणात घोयरा म्हणून ओळखला जाणारा हा सरडा पानझडी जंगलांत आणि कोरड्या झुडपी रानांत राहतो आणि त्याच्या शरीराचा जवळजवळ प्रत्येक भाग फांदीवरच्या जगण्यासाठी घडलेला आहे.

त्याच्या पायांची बोटे दोन गटांत जुळलेली असतात. पुढच्या पायात आतल्या बाजूस तीन व बाहेरच्या बाजूस दोन, तर मागच्या पायात याच्या नेमकी उलट अशी त्यांची रचना असल्यामुळे बारीक डहाळीही चिमट्यात धरल्यासारखी पकडता येते आणि शेपटीच्या वेढ्याने ती पकड पक्की होते. दोन्ही डोळे स्वतंत्रपणे फिरतात. भक्ष्य दिसताच ते एकाच दिशेने रोखले जातात. त्यानंतरची क्रिया विलक्षण वेगाने घडते. जिभेच्या तळाशी कंठिकास्थीचा, म्हणजे घशातील हाडाचा, निमुळता दांडा असतो. त्याभोवतीचा नळीसारखा स्नायू आकुंचन पावला की आतली लवचीक आवरणे ताणली जातात आणि त्यांत साठलेली ऊर्जा एकदम मोकळी होऊन जीभ पुढे फेकली जाते. ही ताकद आयत्या वेळच्या स्नायूबळापेक्षा आधी साठवलेल्या ताणातून येत असल्याने थंड सकाळीही नेम फारसा मंदावत नाही.

हा प्राणी ज्यावर बसतो त्याचाच रंग घेतो, ही समजूत सर्वत्र आढळते. पण ती खरी नाही. रंगबदलाचा संबंध प्रामुख्याने शरीराचे तापमान, भीती, राग आणि नर-मादीतील संकेतांशी असतो. जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनमध्ये दाखवून दिले, की त्वचेतील पेशींत ग्वानिन या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक जाळीसारखे रचलेले असतात. प्राणी शांत असताना ते जवळजवळ राहून निळा प्रकाश परावर्तित करतात आणि वरच्या पिवळ्या रंगद्रव्यामुळे त्वचा हिरवी दिसते, तर उत्तेजित नरात ते परस्परांपासून दुरावल्यामुळे पिवळा-नारिंगी रंग उमटतो.

फांदीवर इतका समर्थ असलेला हा सरडा जमिनीवर मात्र केविलवाणा ठरतो. मादीला तर खाली उतरावेच लागते, कारण अंडी मातीत खड्डा खणूनच घालावी लागतात. मधे डांबरी रस्ता आला, तर झुलत-झुलत टाकलेल्या तिच्या संथ पावलांना वाहनांपासून बचावण्याची संधी जवळजवळ उरत नाही. त्यात तो विषारी असल्याचा निराधार समज असल्याने दिसेल तिथे तो मारलाही जातो. वास्तविक त्याला विषदंत नाहीत, आणि वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याला पकडणे, पाळणे किंवा मारणे हा गुन्हा आहे.