दुधाच्या कॅनचा कुंचा निराळा, पंपाचा निराळा

सायंकाळचे दूध संकलन केंद्रावरून आंबले म्हणून परत आले की दोष बहुधा गाईला, वैरणीला किंवा उन्हाळ्याला दिला जातो. कॅनच्या खांद्याच्या आतून बोट फिरवून पाहण्याचे क्वचितच कोणास सुचते. गळ्यातून हात आत जातो, पण तेथे वळत नाही. म्हणून दुधाचा चिकट थर तेथेच राहतो व त्यात वाढलेले जंतू नव्या दुधास आंबवितात. राख व नारळाची शेंडी यांनी कॅनचे पोट उजळते, खांदा तसाच राहतो. यासाठी लांब दांड्याचा कुंचा हवा, आणि तो घरी करता येतो.

बांधावरील घायपाताचा वाख या कामास उत्तम. पाने ठेचून पाण्यात कुजवावी, गर धुऊन काढावा व वाख उन्हात वाळवावा. ताज्या पानाच्या रसाने अंगास खाज सुटते, यास्तव ठेचताना हात झाकलेले असावेत. घायपात नसल्यास नारळाचा काथ्या घ्यावा. तो राठ असला तरी पाण्यात लवकर कुजत नाही.

हातभर लांबीची बांबूची काठी तासून गुळगुळीत करावी व टोकापासून दोन बोटांवर सभोवार खाच पाडावी. वीतभर वाखाची जुडी काठीभोवती सारखी पसरावी आणि ओल्या सुतळीने बरोबर मध्यावर त्या खाचेत आवळून बांधावी. सुतळी वाळली की गाठ ढिली पडत नाही. पुढे राहिलेला अर्धा वाख तळाची कड घासतो; मागचा अर्धा छत्रीसारखा फुलवावा, म्हणजे कुंचा वर ओढताना तो खांद्यास घासतो. खिळा किंवा तार मात्र मुळीच वापरू नये. तिने भांड्यास ओरखडे पडतात आणि दूध त्यांतच दडते.

कॅन प्रथम साध्या पाण्याने विसळावा, नंतर धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने घासावा व शेवटी स्वच्छ पाण्याने धुवावा. आरंभीच कढत पाणी घातल्यास दुधाचा थर उलट घट्ट बसतो. कुंचाही उकळत्या पाण्यातून काढून उन्हात टांगावा. ओला कुंचा कोपऱ्यात पडून राहिला तर तोच जंतूंचे घर होतो.

फवारणी पंपाची गोष्ट अधिक गंभीर आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीच्या वेळी झालेल्या विषबाधेत अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे वाचकांच्या स्मरणात असेल. तरीही नोझल चोंदले की ते तोंडाने फुंकणारे लोक आजही शिवारात दिसतात. दुसरे काही तार घालतात; तिने छिद्र मोठे होते, थेंब जाड पडतात व औषध वाया जाते. याऐवजी घोड्याच्या शेपटीच्या केसांची बारीक जुडी बोरूएवढ्या काडीस बांधावी, किंवा दातांचा झिजलेला ब्रश घ्यावा. हातमोजे घालून नोझल उघडावे, पाण्यात बुडवून घासावे. छिद्रासाठी गवताची मऊ काडी पुरते.

हा कुंचा दुधाच्या भांड्यांजवळ कधीही ठेवू नये. त्याच्या दांड्यास लाल रंग द्यावा व तीन खाचा पाडाव्यात, म्हणजे अंधारातही हातास ओळख पटते. संकलन केंद्रावर प्रात्यक्षिक दाखविताना गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी दोन्ही कुंचे शेजारी ठेवून हा फरक अवश्य दाखवावा. विशेषतः घरातील स्त्रियांना, कारण भांडी बहुधा त्याच घासतात. झिजलेला पंपाचा कुंचा चुलीत घालू नये. तो विहीर व ओढ्यापासून दूर, पडीक जागी खोल पुरावा.